राजा पडद्याआड

तात्यापारा, रायपूर
११ सप्टेंबर २०२५

चि. सौ. गंधाली,

अनेक आशीर्वाद. 'सौ.' लिहिताना पेन थांबला होता. पण कोर्टातून काही झालं नाही तोवर तू कागदोपत्री या घरची सून आहेस. मी सारी नोकरी टपालखात्यात काढली, जे खरं तेच लिहायची सवय आहे.

पत्ता अमरावतीहून, तुझ्या आईकडून घेतला. तिनं आधी विचारलं, "कशाले पाहिजे?" मी म्हटलं, "भांडाले नाही." मग दिला. तू आमचे सगळ्यांचे नंबर फोनवर बंद करून ठेवले, म्हणून टपालानं लिहून राहिली.

तू गेलीस त्याचा राग नाही असं मी लिहिणार नाही. आहे. शेखरशी तुझं पटत नव्हतं ते मले दिसत होतं. शंकर नगरच्या शाळेत तू पोरांले नाटक शिकवत होतीस, ते त्यानं सोडायले लावलं, तेही दिसत होतं. पण तू नाटक शिकायले इंडोनेशियाची, तिकडच्या जावाची स्कॉलरशिप मिळवलीस, पासपोर्ट काढला, तिकीट काढलं, आणि मले एक शब्द सांगतला नाही. सकाळी चहा गाळला तं तुझा कप तसाच. सून परदेशी गेली हे मले शेजारणीनं सांगतलं. दोन वर्षं झाली, राग त्याचा आहे.

आता कामाचं. आपल्या मराठी मंडळाचं संमेलन जानेवारीत असते. दरवर्षीचंच, सकाळी बायांचं हळदीकुंकू, संध्याकाळी पुरुषांचं नाटक. यंदा पुरुषांजवळ नाटक नाही. दरवर्षी नाटक बसवणाऱ्या धर्मपालजींचे दोन नट बदली होऊन गेले. परवाच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी देवीदासजी म्हणाले, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा ठेवू आणि महिलांसाठी उखाण्यांची स्पर्धा. मी मागच्या रांगेत होती. काय झालं मले माहीत नाही, उभी राहिली आणि म्हटलं, "नाटक आम्ही करतो."

"कोणतं?" देवीदासजींनी विचारलं.

तुझे सासरे, बाबा, अध्यक्षाच्या खुर्चीत बसून माझ्याकडे पाहून राहिले होते. मी म्हटलं, "माझी सून पाठवून राहिली. जावाचं. तिकडे तेच शिकते ती."

दोन वर्षांत माझ्यासमोर कोणी तुझं नाव घेतलं नाही, पाठीमागे मात्र साऱ्या पाऱ्यानं, साऱ्या मोहल्ल्यानं घेतलं. आता जो भेटते तो म्हणते, "कुमुदताई, तुमचं जावाचं नाटक कुठपर्यंत आलं?"

माझ्याजवळ नाटक नाही. तुझ्याजवळ असलं तं पाठव. नसलं तं तसं लिही, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेईन.

शेखरची आई


तात्यापारा
२९ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. गंधाली,

अनेक आशीर्वाद. तुझं पाकीट दिवाळीच्या आदल्या दिवशी आलं. चकल्या तळणं सोडून वाचत बसली. तू लिहिलंस की मले सांगून गेली असतीस तं घरच्यांनी मलेच धरलं असतं, 'हिले माहीत होतं आणि हिनं अडवलं नाही' म्हणून. ते वाचलं. बरोबर आहे. तरी राग पुरता गेला नाही, थोडा ठेवला आहे.

नाटक आधी मले सापडेच ना. पाकीट उलटं करून झटकलं. एकच पान. राजा जयेंग लढाई हरत आला. शत्रू म्हणते, पोरगी द्या, लढाई थांबवतो. राजा तयार होते. राणी वुलान रडते, शेवटी राजकन्या लारासच्या केसात चाफा माळून आशीर्वाद देते आणि तिले पाठवते. समाप्त. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा समजलं की तिकडच्या या केतोप्राक नाटकाचं असंच असते. पान फक्त काय घडते ते सांगते, बोलणं ज्याचं त्यानं उभ्या उभ्या करायचं.

तिकडे तुले शिकवणाऱ्या सुतार्तीबाईंची गोष्ट तं मी माझ्या मैत्रिणीले, शारदाले, दोनदा वाचून दाखवली. जन्मभर त्या राणी झाल्या. पान पुरुषांनी लिहिलेलं, मॅनेजर पुरुष. पण बोलणं त्यांचं होतं. एका गावात त्यांनी आशीर्वाद देण्याआधी एवढंच विचारलं, "पोरीले विचारलं का?" मॅनेजर भडकला. पण समोर बसलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या, म्हणून पुढच्या गावी चालू दिलं. पुढच्या गावी त्या आणखी एक वाक्य बोलल्या. असं गावोगाव, वर्षानुवर्षं. आता त्यांची राणी आशीर्वाद देतच नाही, उंबरठ्यावर बसते, आणि पोरगी घरीच राहते. बंदी कशावर घालणार, पानावर तं अजून जुनंच लिहिलेलं आहे.

शारदा म्हणाली, "हे तं आपलंच आहे बाप्पा. सासऱ्यांसमोर हव हव म्हणायचं आणि रांधायचं आपल्या मनचं."

शारदाच्या पुरानी बस्तीतल्या अंगणात तालमी सुरू केल्या. धान कांडणाऱ्या बायांनी रिकाम्या उखळावर मुसळ वाजवलं, त्यातून हे नाटक निघालं म्हणतात, असं तू लिहिलंस. मग आम्ही गल्लीत उखळ मागायले निघालो. धानाच्या मुलखात उखळाले काय तोटा. एका आजीबाईनं छत्तीसगढीत विचारलं, "नाटक बर?" म्हणजे नाटकासाठी का, आणि आपलं मूसर स्वतः उचलून आणलं, वर दोन ठोके कसे मारायचे तेही दाखवून गेली. आता सहाजणी उखळावर आहेत. पहिल्या दिवशी भांडी पडल्यासारखा आवाज होत होता. काल पहिल्यांदा ताल धरला, आणि गल्लीतले लोक गच्चीवर येऊन उभे राहिले.

लारास म्हणून यामिनी आहे, इंजिनियरिंगची पोट्टी. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते. "दादी, मैं मराठी में अटक जाऊँगी," म्हणे. मी म्हटलं, "अटकशील तिथे हिंदी बोल. राजकन्या रायपूरची आहे समजतील."

देवीदासजींनी कमिटीसाठी संहिता मागितली. मी तुझं पान मराठीत उतरवून दिलं. त्यांनी मागून पुढून पाहिलं. "आणि डायलॉग?"

"ते तोंडात आहेत," मी म्हटलं.

कमिटीनं पान पास केलं. राणी आशीर्वाद देते हे सगळ्यांले आवडलं. भारतीय संस्कृतीशी मिळतंजुळतं आहे, असं मिनिट्समध्ये लिहिलं.

राणीचं काम कोण करते ते अजून ठरलं नाही.

शेखरची आई


पुरानी बस्ती
३ डिसेंबर २०२५

चि. सौ. गंधाली,

वरचा पत्ता पाहून घाबरू नको. शारदाचा गुडघा दुखून राहिला, म्हणून काही दिवस तिच्याकडे आहे. उत्तर इकडेच पाठव.

राणी मी आहे. मागच्या पत्रातही मीच होती, लिहायची लाज वाटली. या वयात, या पोटासकट. लग्नाआधी अकोल्याले कॉलेजात मी एकदा स्टेजवर गेली होती, आणि मग टपालखात्याच्या काउंटरमागे उभी राहिली ते राहिलीच. तू नाटक शिकवत होतीस तेव्हा मी तुले पोरांबद्दल इतकं विचारत होती ते काहून, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल.

राजा म्हणून कमिटीनं धर्मपालजींले दिलं. हॉल पाहिजे तं एक जुना सभासद पाहिजे, असं म्हणे. माणूस वाईट नाही, आवाज फार चांगला आहे, पण त्यांले वाटते नाटक म्हणजे ते. पहिल्याच दिवशी मले म्हणाले, "वहिनी, राणी 'मले' 'तुले' बोलत नाही. राणी शुद्ध बोलते."

शारदा उखळावरून म्हणाली, "जावाची राणी शुद्ध मराठी बोलत होती काय?"

तालमीत मी एकदा विचारलं, "महाराज, पोरीले विचारलं का?" तुझ्या सुतार्तीबाईंचं पहिलं वाक्य, तेवढंच. धर्मपालजी थांबले. "हे कुठे आहे पानात?" पान काढून पाहिलं आणि सरळ देवीदासजींकडे गेले. दुसऱ्या दिवशी मले कमिटीसमोर बोलावलं. देवीदासजी फार गोड बोलले. म्हणाले, "ताई, पानावर आहे तसं करा. आमच्या पोरीबाळी पाहायले येतात. शेवटी आशीर्वाद झाला नाही तं मग आम्हाले पडदा पाडावा लागेल."

मी म्हटलं, "बरं."

बरं म्हणजे ऐकलं. करीन असं नाही म्हटलं.

इकडे येण्याआधी शेखरशी तुझ्या घटस्फोटाच्या अर्जाबद्दल बोलली. तू वकिलाकडून पाठवलेला कागद त्याच्या कपाटात आहे, सही केली नाही. मी विचारलं, "काहून अडवून ठेवतोस?" तो म्हणाला, "तिनं यावं, सगळ्यांसमोर माफी मागावी. मग करतो सही." मी म्हटलं, "आणि ती आली नाही तं?" त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. तो वाईट वागला की दुःखी आहे हे मले अजून समजत नाही. दोन्ही असेल.

शेखरची आई


पुरानी बस्ती
२६ डिसेंबर २०२५

चि. गंधाली,

तू विचारलंस, गुडघा खरंच दुखते का. नाही. शारदा रोज तलावापर्यंत पायी जाऊन येते.

झालं असं की कमिटीच्या त्या दिवसानंतर जेवताना बाबा म्हणाले, "कुमुद, तू राणी झालीस ते ठीक. पण शेवटी आशीर्वाद द्यायचा. अध्यक्ष मी आहे." मी त्यांले भाजी वाढली. मग ते म्हणाले, "एक सून स्टेजच्या नादानं गेली. आता तू काढलं का हे नवीन? या घरात राहायचं तं नाटक सोडावं लागेल." रागात बोलले, मनात तसं नव्हतं, मले माहीत आहे. पण इतकी वर्षं मी हेच म्हणत आली, की मनात तसं नव्हतं. त्या दिवशी ताट धुतलं, दोन साड्या, बीपीच्या गोळ्या आणि चार्जर पिशवीत टाकला आणि रिक्षानं शारदाकडे आली. सांगून आली हो. दारात उभी राहून सांगतलं, "शारदाकडे जाऊन राहिली. नाटक झालं की पाहू."

काल ते आले होते. अंगणात सहाजणी उखळावर, यामिनी ओट्यावर उभी राहून बोलून राहिलेली. ते फाटकातच थांबले. मी गेली.

"घरात गॅस संपला," म्हणाले.

"नंबर फ्रीजवर चिकटवला आहे."

"शेखर दोन दिवसांपासून बाहेरच जेवते."

"मोठा आहे तो."

फाटकाची कडी लावली, काढली. मग म्हणाले, "तुले माझ्या इज्जतीचं काही वाटत नाही?"

मी म्हटलं, "वाटते. म्हणूनच तर सांगून आली." त्यांले समजलं नाही. मले वाटते तुले समजेल.

ते गेल्यावर मी ओट्यावर जाऊन बसली. शारदानं मुसळ हातात दिलं, म्हणे, "घे, सारं याच्यावर काढ." भीती वाटते, गंधाली. हॉलभर ओळखीची माणसं. काय बोलणार ते मलेच माहीत नाही, पाठ तं काहीच नाही. तुझ्या सुतार्तीबाईंले विचारून कळव, त्यांले भीती वाटत होती का.

कुमुद


पुरानी बस्ती
१९ जानेवारी २०२६

चि. गंधाली,

काल झालं. सगळं लिहिते, क्रमानं लिहिते, नाहीतर माझ्याच हातून काही सुटेल.

तुझं उत्तर शनिवारी आलं. सुतार्तीबाई म्हणाल्या की भीती अजून वाटते, फक्त ती आता राजाले वाटते असं समजून त्या स्टेजवर जातात. मी ते यामिनीले सांगतलं. ती म्हणे, "दादी, मुझे तो अपनी वाली भी लग रही है।"

हॉल भरला होता. सकाळच्या हळदीकुंकवाले आलेल्या बाया घरी गेल्याच नाहीत, वाणाच्या वाट्या मांडीवर घेऊन बसून राहिल्या. पुढच्या रांगेत बाबा, शेजारी देवीदासजी. शेखर मागे भिंतीले टेकून उभा होता. तो येईल असं मले वाटलं नव्हतं.

उखळं वाजली आणि लोक गप्प झाले. सुरुवात छान गेली. धर्मपालजींचा आवाज, मुकुट, चालणं, सगळं राजाचं. यामिनी पहिल्याच वाक्याले अडखळली, मग हिंदीत सुरू झाली, आणि तिथून तिले कोणी थांबवू शकलं नाही. शत्रूचा निरोप आला. राजा म्हणाला, "राज्य वाचवायचं तर लारासला पाठवावं लागेल." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "राणी, तिला आशीर्वाद दे."

चाफ्याचं फूल माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "महाराज, पोरीले विचारलं का?"

हे वाक्य येणार असं धर्मपालजींनी धरूनच ठेवलं होतं. हसले. "पोरीला काय विचारायचं, राणी? हा राजाचा शब्द आहे. आशीर्वाद दे."

"लढाई पोरीनं लावली होती?"

मागून कोणीतरी बाई "अगदी" म्हणाली. धर्मपालजींनी आवाज चढवला. "लढाई मी लावली, कारण राज्याची अब्रू गेली असती. आज तू नाही म्हणालीस तर माझी अब्रू जाईल. साऱ्या जगासमोर माझी मान खाली जाईल."

गंधाली, पुढचं मी ठरवलं नव्हतं. समोर बाबा दिसत होते, मागे शेखर. मी म्हटलं, "महाराज, तुमची अब्रू तुमच्या पायांवर काहून उभी राहत नाही? तिले नेहमी कोण्या ना कोण्या पोरीचा खांदा काहून लागते?"

मग बाया हसल्या. चेष्टेचं हसणं नव्हतं ते, आपल्या घरातलं कोणी बोलून गेलं की येते तसं. वाट्या खणखणल्या. धर्मपालजी गडबडले. इतका जुना नट, पण पाठ नसलेलं बोलायची त्यांले सवय नाही. एकदा म्हणाले "आशीर्वाद दे", पुन्हा म्हणाले "आशीर्वाद दे", आणि मग विंगकडे पाहून त्यांनी हात हलवला.

पडदा आला. आमच्या तोंडासमोरच आला.

आत अंधार. धर्मपालजी मुकुट काढून घाम पुसून राहिले होते. म्हणाले, "वहिनी, मी सांगतलं होतं." यामिनी रडायले आली. बाहेर देवीदासजींचा माइकवर आवाज, काही तांत्रिक अडचणीमुळे कार्यक्रम इथेच समाप्त होत आहे, सर्वांनी तिळगूळ घेऊन जावा. मले वाटलं, झालं. सुतार्तीबाईंले एक एक वाक्य पुढे जायले वर्षं लागली, मी एका संध्याकाळी सारं बोलायले गेली, म्हणून झालं.

तेवढ्यात शारदानं मुसळ आपटलं. अंधारातच. एक ठोका, मग दुसरा. पाठोपाठ बाकीच्या पाचही जणी. बाहेर माइक बंद पडल्यासारखा झाला, कारण त्या आवाजात काही ऐकूच येत नव्हतं. शारदा मले म्हणाली, "कुमुद, हे नाटक अंगणातलं आहे. त्याले पडदा कशाले लागते?"

मी पडद्याखालून वाकून बाहेर आली. माझा राणीचा मुकुट तिरपा झाला, पदर अडकला, यामिनीनं सोडवला. ती माझ्या मागे आली. मग आम्ही पायऱ्या उतरून खालीच गेलो, लोकांच्या मधल्या वाटेत. बायांनी खुर्च्या सरकवून गोल जागा केली. कोणी सांगतलं नव्हतं. देवीदासजी उठून म्हणाले, "ताई, हे योग्य नाही." त्यांच्याच आईनं, मागच्या रांगेतून, त्या नव्वदीच्या वर आहेत, म्हटलं, "देवा, बैस खाली. मले दिसत नाही." ते बसले.

मी यामिनीले विचारलं, "लारास, तुले जायचं आहे का?"

यामिनी अडकली. मले वाटलं आता हिंदीत बोलेल. ती मराठीत बोलली. हळूहळू, एकेक शब्द वेचून. "नाही. मले जायचं नाही. मी कोणाची लढाई नाही." हे तिच्या तोंडून आधी कधी आलं नव्हतं, कोण्या तालमीत नाही.

राजाची वाट पाहिली थोडी. पडदा हलला नाही. मग मी म्हटलं, "महाराज आत आहेत. त्यांचं उत्तर येत नाही. मग निकाल आपणच देऊ. शत्रूले सांगा, लढाई राजांनी राजांशी मिटवावी. या घरातून पोरगी जाणार नाही." आणि चाफा मी माझ्याच केसात खोवला, कारण हातात धरून धरून तो सुकायले आला होता.

टाळ्या किती वेळ वाजल्या माहीत नाही. बाया उठून उभ्या होत्या. माझ्या टपाल ऑफिसातली जुनी शिपाई बाई होती, ती येऊन गळ्यात पडली. मी बाबांकडे पाहिलं. ते बसलेले होते, मान खाली नव्हती. माझ्याकडे पाहून राहिले होते, मीटिंगमध्ये पाहिलं होतं तसंच, आणि मग हळूच त्यांनी एकदा, दोनदा टाळी वाजवली. फार नाही. शेखर केव्हा गेला दिसला नाही.

आज आवाज बसला आहे. शारदा काढा करून राहिली.

तुझी,
आई


तात्यापारा
१५ फेब्रुवारी २०२६

चि. गंधाली,

पत्त्यावरून समजली असशील, घरी आली. बाबा घ्यायले आले तेव्हा मी म्हटलं, शारदाचा गुडघा बरा झाल्याशिवाय येत नाही. ते पायरीवर बसले. चपला काढून ठेवल्या आणि म्हणाले, "मी बोललो ते चुकलं. घर तुझंही आहे." मग म्हणाले, "गुडघ्याचं काय करायचं सांग." मी म्हटलं, यापुढे तालमी आपल्या बैठकीत होतील, सोफा गच्चीवर जाईल. त्यांनी सोफा त्याच दिवशी हलवला, शेजाऱ्याले बोलावून. आता खाली सतरंजीवर बसून पेपर वाचतात आणि कमरेची तक्रार करतात.

मंडळाची सभा झाली. देवीदासजींनी ठराव मांडला की मंजूर संहितेबाहेर बोलणाऱ्या कलाकारांवर दोन वर्षं बंदी. मत घेतलं. आजवर बाया सभेले येत नव्हत्या, चहा करत होत्या. त्या दिवशी चहाच झाला नाही, सगळ्या आत बसल्या होत्या. ठराव पडला. वर जानेवारीचं नाटक कायमचं महिलांकडे आलं आणि शारदा कमिटीवर गेली. बाबांनी अध्यक्ष म्हणून निकाल वाचून दाखवला, आवाज न कापता.

आता शेखर. नाटकानंतर तो माझ्याशी बोलत नव्हता. मागच्या रविवारी सकाळी स्वयंपाकघरात आला, स्टूल ओढून बसला. म्हणाला, "ते अब्रूचं तू माझ्यासाठी बोललीस का?"

मी म्हटलं, "तोंडातून आलं. कोणासाठी ते मलेही नंतरच समजलं."

तो म्हणाला, "ऑफिसात मी सांगत आलो की बायको शिकायले गेली, येईल. लोक विचारतात कधी येणार. दर वेळी नवीन तारीख सांगतो. थकलो, आई." मग म्हणाला, "शाळा मी सोडायले लावली नसती तं ती राहिली असती का?"

मी म्हटलं, "माहीत नाही. ते तिले विचार. पण विचारायच्या आधी सही कर, म्हणजे तिले खरं उत्तर देता येईल."

त्यानं सही केली. कागद वकिलाकडे गेला, तुझ्या वकिलाचा फोन तुले आलाच असेल. कोर्टाच्या तारखेले तू इथे आलीस तं स्टेशनवरून सरळ घरी ये. हॉटेलात राहू नको, लोक मले नावं ठेवतील, आणि खरं म्हणजे मले तुले भेटायचं आहे. तारखेनंतर तू माझी कोण लागशील ते मी शारदाले विचारलं. ती म्हणाली, "तुझी डायरेक्टर." ते मले पटलं.

यामिनीनं तिच्या कॉलेजात आमचं नाटक ठेवलं आहे, पुढच्या महिन्यात. दोन ठिकाणांहून आणखी बोलावणं आलं, एक दुर्गहून. धर्मपालजी काही राजा व्हायले तयार नाहीत. निरोप पाठवला, ज्या नाटकात समोरचा काय बोलणार ते माहीत नसते त्यात मी उभा राहत नाही. शारदाले राणी व्हायचं आहे, चार महिन्यांपासून ठोके मारून तिचं मन भरलं.

म्हणून राजा मी होणार आहे. मले पाहायचं आहे की त्या बाजूनं उभं राहून काय उत्तर देता येते. मुकुट आहे, आवाज परत आला आहे, चालणं बाबांचं पाहून उचलते आहे. फक्त तुझ्या सुतार्तीबाईंले विचारून लवकर कळव, तिकडच्या बाया मिशा कशानं चिकटवतात. इथल्या डिंकानं लावल्या होत्या, राजा हसला की एक बाजू गळते.

आई